बोरन्हाणाची वेळ

लग्नमुंजींचे मुहूर्त पंचांगात छापलेले असतात. बोरन्हाणास मात्र मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा सारा काळ मोकळा आहे. दिवस आणि घटका ज्याच्या त्याने निवडावी. हे स्वातंत्र्य दिसते तितके सुखाचे नाही, हा अनुभव आम्हांस २०२५ साली आला.

त्या वर्षी संक्रांत १४ जानेवारीस व रथसप्तमी ४ फेब्रुवारीस होती. म्हणजे मधले रविवार अवघे तीन. नातू दीड वर्षाचा. वेळ ठरविण्याचे काम वडीलधारे म्हणून आमच्याकडे आले. चिरंजीवांस पाहुण्यांची सोय पाहावयाची होती, सूनबाईंस हळदीकुंकू त्यातच उरकावयाचे होते, छायाचित्रकारास दुपारी अन्यत्र काम होते. सर्वांची मने राखून आम्ही सायंकाळचे सात मुक्रर केले. “चार वाजता करा. झोपून उठला की तो खुशीत असतो,” असे आमच्या सौभाग्यवतींनी सुचविले होते. भर उन्हात कोण येणार, असे म्हणून आम्ही ती सूचना निकालात काढली.

सातचे पाहुणे पावणेआठला जमले. तोवर काळे झबले व हलव्याचे दागिने लेऊन बाळराजे ताटकळत होते. हलव्याचा काटा मानेस टोचत होता, डोळ्यांवर दिव्यांचा झोत होता. बोरे, उसाचे करवे, चुरमुरे यांची पहिली ओंजळ डोक्यावरून ओघळली मात्र, त्याने टाहो फोडला. बोरे वेचणारी मुलेही पेंगुळलेली. त्यांची भांडणे जुंपली. अखेर आजीच्या खांद्यावर हुंदके देत तो झोपी गेला. छायाचित्रे उत्तम आली आहेत. त्यांत आम्ही सर्वजण हसत आहोत.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. लेकरास ऋतूची बाधा होऊ नये म्हणून बोरन्हाण करावयाचे. येथे बाधा झाली ती आमचीच! एवढ्या मुलास दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते. आपण आजचे जागरण उद्या भरून काढतो. त्याच्यापाशी तेवढी उधारी नसते.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तो उठला. सौभाग्यवतींनी उरलेली बोरे व चुरमुरे एका पातेल्यात घेतले, त्याला ओट्यावरच्या उन्हात पाटावर बसविले आणि शेजारच्या दोन मुलांना हाक मारली. चुरमुरे कपाळावरून घरंगळले. त्याने क्षणभर विचार केला, एक उचलून तोंडात टाकला आणि पातेल्याकडे बोट दाखविले.

“अहो, बघता काय? तुम्हीही घाला ना!”

आम्ही ओंजळ भरली. तो खदखदून हसला.

हल्ली घरात मुलांचा कोणताही समारंभ ठरावयाचा असला, की आम्ही प्रथम विचारतो, “तो झोपून केव्हा उठतो?” पाहुण्यांचे मग पाहू.