चवथीच्या गोळ्या

पाळी पुढे ढकलायची गोळी मी पहिल्यांदा घेतली ती सासूबाईंच्या सांगण्यावरून. लग्नानंतरची पहिली चवथ, घरात पाच दिवसांचा गणपती आणि माझी तारीख नेमकी तृतीयेला. "तू बाहेर बसलीस तर नेवऱ्या कोण तळणार?" एवढंच त्या म्हणाल्या. ह्यांनी पेडण्याहून पाकीट आणलं. तारखेच्या तीन दिवस आधीपासून रोज तीन गोळ्या. विसर्जन झालं की बंद. मग दोन-तीन दिवसांत पाळी यायची, ती धो धो. पुढे बरीच वर्षं हेच चाललं. त्या गोळीत काय असतं हे मी कधी विचारलं नाही. देवाच्या कामाची गोळी, तिला काय विचारायचं?

हे आधी सांगून टाकते, कारण सुनेशी मी जे वागले ते ह्या गोळ्यांशिवाय कळायचं नाही.

नातू दहा महिन्यांचा होता तेव्हा सुनेने सरकारी दवाखान्यात जाऊन 'अंतरा'चं, म्हणजे संततिनियमनाचं, इंजेक्शन घेतलं. दर तीन महिन्यांनी एक, फुकट. 2017 पासून सरकारी योजनेत आहे. मला तिने सांगितलं नव्हतं. आमच्या हळर्णच्या घरात चार दिवसांचा नियम अजून पाळला जात होता, आणि पाळायला लावणारी मीच. पडवीच्या टोकाची खोली, वेगळी चटई, पाचव्या दिवशी न्हाऊन चुलीशी. कालनिर्णयवर तारखेला गोल करायचं कामही माझंच.

इंजेक्शनला आमचा नियम ठाऊक नव्हता. दोन दिवस डाग, एक दिवस काही नाही, पुन्हा डाग. चौथा दिवस मोजायचा कुठून? एकदा ती सलग सतरा दिवस त्या खोलीत होती. नातू रांगत उंबऱ्यापर्यंत जायचा, आतून ती हात पुढे करायची, आणि मी त्याला कमरेला धरून उचलून आणायची. हे लिहिताना हात थांबतो.

दुसऱ्या इंजेक्शननंतर डाग कमी झाले आणि पुढे पाळीच बंद. चार महिने कॅलेंडरवर गोल नाही. शेजारीण हळूच म्हणाली, "रगत भितर सांठता गो." मलाही तेच वाटत होतं. मुलाला बोलावून सांगितलं, बंद करा हे, अंगाशी खेळ आहे.

सून वाद घालत बसली नाही. पुढच्या इंजेक्शनला मला सोबत घेऊन गेली.

तिथल्या नर्सबाई इकडच्याच. म्हणाल्या, "वांयगणीला भाताचा तरवा लावलाच नाही, तर कापणार काय?" औषधाने बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं. गळायला काही तयारच होत नाही, मग साठणार कुठून? सुरुवातीचे डागही त्या नाजूक अस्तराचेच. वर्षभर घेतलं की साधारण निम्म्या बायकांची पाळी थांबते. सोडल्यावर परत येते. मात्र दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने लागू शकतात. हाडं थोडी विरळ होतात, हेही त्यांनी लपवलं नाही.

मी तरी हटले नाही. म्हटलं, दोन मुलांच्या मध्ये मीही माला-डी घेतली, पण माझी पाळी महिन्याच्या महिन्याला यायची. त्या हसल्या. 28 गोळ्यांतल्या 21 हार्मोनच्या, उरलेल्या सात नुसत्या लोहाच्या. हार्मोन थांबलं की अंगावर जातं, ती खरी पाळी नव्हेच. एवढी वर्षं मी जिच्यावर विसंबले ती पाळी पाकिटाच्या हिशेबाने येत होती.

मग त्यांनी विचारलं, "चवथीला गोळ्या घेतल्या असतील ना?" मी अभिमानाने हो म्हटलं. नॉरएथिस्टेरॉन, त्या म्हणाल्या. इंजेक्शनमधलं औषध त्याच घराण्यातलं. दिवसाला तीन म्हणजे 15 मिलिग्रॅम. ह्याच औषधाची संततिनियमनाची गोळी असते, तिच्यात 0.35. आणि चार दिवस पाळी ढकलायला घेतली तर तिच्यावर गर्भ राहणार नाही म्हणून विसंबताही येत नाही. "पायात रक्ताची गाठ झाली होती का, रक्तदाब आहे का, कुणी विचारलं होतं?" मेडिकलवाल्याने फक्त सुटे पैसे विचारले होते.

म्हणजे देवासाठी मी बिनदिक्कत गिळत आले, आणि सुनेने स्वतःसाठी घेतलं तेव्हा मला शरीराची आठवण झाली.

परतीच्या बसमध्ये शापोरा नदी दिसेपर्यंत दोघी गप्प होतो. मग मीच म्हटलं, "त्या सतरा दिवसांचं मनात धरू नको." ती म्हणाली, "आई, धरलंय." बरं केलंन सांगितलंन ते.

चार दिवसांचा नियम मी मोडला असं म्हणणं खोटं होईल. तिला पाळीच येत नाही, मोडायची वेळ आली कुठे? गेल्या चवथीला तिने नेवऱ्या तळल्या, गणपतीवरच्या माटोळीला कांगलां बांधली, आणि शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. पडवीच्या खोलीत सध्या सोलं वाळताहेत. कालनिर्णयवर गोल अजून मीच करते, तीन महिन्यांतून एकदा; आदल्या दिवशी तिला आठवण करून देते आणि नातवाला माझ्याकडे ठेवून घेते.