देवाला चालतं ते फूल खायला चालतं का?

दसऱ्याला झेंडूचे ढीग लागतात तेव्हा आपण भाव विचारतो. शेवटची फवारणी कधी झाली, हे कुणी विचारत नाही. फूल हाराला जातं, खायला थोडंच?

मला हा प्रश्न पडला तो भाचीच्या दोन हर्मिट क्रॅबमुळं, म्हणजे शंखात राहणाऱ्या खेकड्यांमुळं. खरं तर हा जीव किनाऱ्यावरचा, दमट हवेतला. बाजारात येणारे बहुतेक पकडूनच आणलेले असतात, कारण माणसाच्या हाताखाली त्यांची पैदास फार अवघड. तेव्हा कृपया हौसेनं नवे घेऊ नका. पण घरात आलेल्याला उपाशी कसं ठेवणार? जास्वंद, झेंडू, गुलाब, शेवग्याची फुलं असं बरंच काही तो खातो.

मग बाजारातली फुलं धुऊन घालायची का? तर नाही. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातच भिनतं, ते पाण्यानं जात नाही. शिवाय कीटक आणि खेकडा दोघंही संधिपाद, त्यामुळं एकासाठी बनवलेलं विष दुसऱ्यालाही बाधतं.

म्हणून आम्ही गच्चीवर बियांपासून झेंडू लावला. नर्सरीतल्या रोपावर आधीच औषध पडलेलं असू शकतं. मावा दिसला की नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. कण्हेर आणि धोतरा विषारी, ते जवळही नकोत.

जालन्याच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. इथल्या बाजार समितीत 2018 पासून रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते. त्यामागं तुतीच्या बागा आहेत, आणि तुती लावायची ती अळ्यांच्या पोटासाठीच. शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली, वारा इकडचा असला आणि तो पाला अळ्यांना पडला, की अख्खी बॅच हातची जाऊ शकते. नुकसान मात्र ज्यानं फवारलंच नाही त्याचं!

आणि फुलं काय फक्त खेकडेच खातात? हादग्याच्या फुलांची भाजी, केळफूल, गुलकंद आपणच खातो. उतरलेले हार गाई-शेळ्यांपुढं टाकतो.

माझं म्हणणं एवढंच. एक, फवारणीच्या आदल्या दिवशी तुतीवाल्या शेजाऱ्याला कळवायची रीत ग्रामपंचायतीनं ठरावात आणावी. दोन, 2023 मध्ये महानगरपालिका झालेल्या आपल्या शहरात एखाद्या बागेत तरी विनाफवारणी फुलांचा वाफा असावा, तशी पाटी लावून. तीन, फुलवाल्याला भावासोबत फवारणीचंही विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की उत्तरं शोधावीच लागतात.

तुमच्या गावात तुतीवाले आणि कपाशीवाले हे कसं जमवतात? कमेंटमध्ये जरूर लिहा.