सभासद कुठून आणायचे?

इंडियन मीटिअरॉलॉजिकल सोसायटी ही हवामानशास्त्राची संस्था १९५६ची. 'वायुमंडल' हे तिचं नियतकालिक. पुण्यात तिला सभासदांची काय चिंता! तिथं हवामान खातं आहे, आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे. दगड भिरकावला तर एखाद्या शास्त्रज्ञालाच लागेल. आपल्या संभाजीनगरात चिकलठाण्याची वेधशाळा, बस्स. पण २०१५च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी इथून विमान उडालं, तेव्हा पानटपरीवरसुद्धा ढगांचीच चर्चा होती. ते कुतूहल वर्गणीच्या पावतीपर्यंत आलं नाही. मला वाटतं, प्राध्यापकांच्या मागे लागण्यापेक्षा शेतात पर्जन्यमापक ठेवून रोजचे मिलिमीटर वहीत टिपणारा शेतकरी गाठावा. त्याला व्याख्यान नको असतं. आपल्या नोंदींचं पुढं काय होतं, ते हवं असतं. मृगाआधी गंगापूर-वैजापूरकडं जायचं. सभासदत्वाचे फॉर्म पिशवीतच राहू देत, आधी वही पाहू.