पाच पॉइंट एकमधला ‘एक’

‘पाच पॉइंट एक’ हा शब्दप्रयोग आता मराठीतही रुळला आहे; पण त्यातल्या शेवटच्या ‘एक’चा अर्थ फारसा कोणी विचारत नाही. पाच म्हणजे पाच स्पीकर, समोर तीन आणि बाजूंना दोन, हे कळते. उरलेला ‘एक’ हा पूर्ण स्पीकर नव्हेच. सेकंदाला सुमारे १२० कंपनांच्या खालचा, म्हणजे ऐकू येण्यापेक्षा जाणवणारा जो ध्वनी, तेवढ्याचीच ती मार्गिका. एकंदर ध्वनिपट्ट्याचा तो अगदी लहान अंश, म्हणून ‘पॉइंट’. चित्रपटगृहात तो आला तो स्फोटांसाठी. ‘स्टार वॉर्स’च्या ७० मि.मी. प्रतींत १९७७ साली पडद्यामागच्या पाचपैकी दोन मार्गिका केवळ या घुमाऱ्यासाठी राखल्या होत्या. म्हणजे हा ‘एक’ जन्माला आला तो प्रचंड आकाराच्या, शेजारी नसलेल्या इमारतींसाठी. आता तो आमच्यासारख्यांच्या पंधरा बाय दहाच्या दिवाणखान्यात येऊ पाहतो आहे.

होम थिएटर घ्यायचे आम्ही ठरवले ते बाबांसाठी. बाबा म्हणजे आम्हां दोघांपैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. वय ८१. त्यांना टीव्हीतले बोलणे कळेनासे झाले होते. ‘ऐकू येत नाही’ असे ते म्हणत नसत. ‘हल्लीचे नट पुटपुटतात’ असे म्हणत. त्यात तथ्य नाही असे नाही, पण कान तपासून घेतले तेव्हा आलेखाची रेघ दोन हजार कंपनांपाशी उतरणीला लागलेली आणि चार हजारांपाशी दरीत गेलेली दिसली. वाढत्या वयातला बहिरेपणा बहुधा असाच असतो. आवाजाचे बळ स्वरांत असते आणि स्वर खालच्या पट्टीत असतात. ते शाबूत राहतात. अर्थ पोचवतात ती व्यंजने. स, श, फ, त, थ ही सारी उंच पट्टीतली, नाजूक आणि क्षणभंगुर. ती आधी जातात. कोणीतरी बोलते आहे हे बाबांना नीट ऐकू येई. काय बोलते आहे, ते नाही. श्रवणयंत्र घेतले आहे, पण ते घालतात ते पाहुणे आले की काढून ठेवण्यासाठी.

पुण्यातल्या एका दुकानात आम्ही ही सगळी हकिकत सांगितली. दुकानदारांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि ‘ज्युरासिक पार्क’ लावला. डायनोसॉर येतो, त्याच्या पावलांनी पेल्यातले पाणी थरथरते, तो प्रसंग. चित्रपट १९९३चा, तीस वर्षांत किती दुकानांतून ते पाणी थरथरले असेल कोण जाणे. सोफा हलला. आमच्या पोटात काहीतरी सरकले. “साहेब, सब-वूफरशिवाय होम थिएटर म्हणजे मीठ नसलेली भाजी,” दुकानदार म्हणाले. आमच्या घरात एकाला रक्तदाबामुळे मीठ वर्ज्यच आहे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या म्हणण्यात लबाडी होती असेही आम्हांला वाटत नाही. सब-वूफरचे काम दोन मिनिटांत दाखवता येते. चांगल्या मधल्या स्पीकरचे काम दाखवायचे तर तासभर बसून माणसांचे बोलणे ऐकावे लागेल, आणि तेवढा वेळ दुकानात कोणालाच नसतो. दोन दिवस घरी वाजवून पाहा, म्हणून त्यांनी बारा इंची सब-वूफरसह सगळा संच आपणहून पाठवला.

आता थोडी आकडेमोड. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून ४० कंपनांच्या ध्वनीची एक लाट साडेआठ मीटर लांब. आमचा दिवाणखाना लांबीला साडेचार मीटर. त्यात ती लाट जेमतेम अर्धी मावते. लाटेची लांबी खोलीच्या दुप्पट झाली की दोन भिंतींच्या मध्ये ती ठाण मांडून बसते. आमच्या खोलीत हा मुहूर्त साडेसदतीस कंपनांच्या आसपास येतो. मग भिंतीलगतच्या सोफ्यावर कान दडपतात, तर खोलीच्या मधोमध त्याच ध्वनीचा मागमूस नसतो. अमेरिकेत लिहिलेली परीक्षणे वाचून सब-वूफर घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडची घरे बहुतेक लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्समच्या पातळ पाट्यांच्या. त्या किंचित लवतात आणि मंद्र ध्वनीचा काही भाग गिळतात. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती काही गिळत नाहीत. आले ते परत करतात. पडदे लावा, सतरंजी अंथरा, फरक पडेल तो वरच्या पट्टीत. चाळीस कंपनांच्या लाटेला सतरंजी दिसतही नाही.

आणि बाबांच्या दृष्टीने तर हा घुमारा निरुपयोगी नव्हे, अपायकारकच. मोठा मंद्र ध्वनी आपल्या वरच्या पट्टीतल्या बारीक ध्वनींना झाकून टाकतो, हा कानाचा स्वभाव आहे. ज्याची व्यंजने आधीच झिजली आहेत त्याला उरलीसुरलीही मग मिळत नाहीत. आपल्या संगीतालाही याची फारशी गरज नाही. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सत्तरच्या आसपास बोलते, आणि ती तर बऱ्या पेटीचा साधा स्पीकरही वाजवतो. ऐंशीच्या खाली, जिथे सब-वूफरचे राज्य, तिथे आमच्या ओळखीचे कोणी गात नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही तो जोडलाच. दोन-चार चित्रपट तरी पोटातून ऐकावेत, एवढी हौस आम्हांलाही आहे. फक्त आवाज वाढवण्याआधी खाली विचारून यावे असे वाटले. आमच्या दिवाणखान्याच्या बरोबर खाली काका-काकूंचा दिवाणखाना. काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा पलंग तिथेच मांडलेला आहे. आम्हांपैकी एक वर थांबला, एक खाली जाऊन बसली. पुन्हा तोच डायनोसॉर, दुकानातल्यापेक्षा निम्म्या आवाजात.

खाली संवाद ऐकू आले नाहीत. पाऊस, किंकाळ्या, मोटारीचे इंजिन, काहीच नाही. उंच पट्टीतले सारे काँक्रीटने अडवले. आली ती फक्त पावले, आणि ती छतातून नव्हे, खोलीच्या चारी बाजूंनी आल्यासारखी. “आवाज काही येत नाही हो,” काकू म्हणाल्या, “वर कोणी मसाला कांडतंय असं वाटतं.” त्या हसून म्हणाल्या, आणि चालेल, रोज थोडंच लावणार तुम्ही, असेही म्हणाल्या. काका बोलत नाहीत. त्यांचा चांगला हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर होता. तिसऱ्या पावलाला तो त्यांनी उचलून छातीवर ठेवला.

भिंत वजनदार असली की ध्वनी अडतो, हे खरे; पण कंपने निम्मी झाली की तीच भिंत सहा डेसिबल कमी अडवते. बोलणे अडवणारा स्लॅब घुमाऱ्यापुढे असा हतबल होतो. सब-वूफरखाली जाड रबर घातले तर पायांतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून स्लॅबवर आपटणारी नाही. कायद्याकडे पाहावे, तर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र ती ज्या मापात आहे ते माप कानाच्या संवेदनेप्रमाणे मंद्र ध्वनीला फार कमी लेखते. ४० कंपनांपाशी सुमारे ३५ डेसिबल वजा करूनच मोजते. म्हणजे काकांच्या कठड्याची थरथर मापकाच्या लेखी जवळपास नव्हतीच. कायद्याने आम्हांला मोकळीक होती. काकूंनीही परवानगी दिली होती. पण ती परवानगी देताना त्यांची पाठ काकांच्या पलंगाकडे होती, आणि आमच्यापैकी जी खाली बसली होती तिची नव्हती.

सब-वूफर परत गेला. स्वतंत्र बंगल्यात राहणाऱ्यांनी तो खुशाल घ्यावा. मात्र घेताना भोक असलेल्या पेटीपेक्षा सीलबंद पेटी बघावी, कोपऱ्यात ढकलू नये, आणि तो चालू आहे हे कळू लागले की आवाज थोडा उतरवावा. त्याच्या किमतीतून आमचे समोरचे स्पीकर एक पायरी वरचे आले. मधला म्हणून जी आडवी, टीव्हीखाली सरकवायची पेटी मिळते ती आम्ही घेतली नाही. तिच्यात एकाच पट्टीचे दोन शंकू शेजारी-शेजारी असतात, आणि बाजूला बसणाऱ्यापर्यंत पोचताना ते एकमेकांचा आवाज खोडतात. बाबांची खुर्ची खिडकीपाशी, म्हणजे बाजूलाच. म्हणून तिन्ही स्पीकर सारखे आणि तिन्ही उभे घेतले. टीव्ही वीतभर वर चढवावा लागला; भिंतीला दोन भोके जास्त पडली. मधल्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा चार डेसिबल वर ठेवला आहे. जाणकारांना हे रुचणार नाही. यंत्राच्या यादीत ‘सब-वूफर: नाही’ असे नोंदवले की खालचे ध्वनी ते समोरच्या स्पीकरांना वाटून देते, आमचे साडेसहा इंची शंकू त्यातले झेपेल तेवढे वाजवतात.

बाबांनी पहिल्यांदा मागितला तो ‘कुंकू’. शांतारामबापूंचा, प्रभातचा, १९३७चा. लहानपणी तो त्यांनी आईबरोबर थिएटरात पाहिला होता. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे काही वाजते ते कथेतल्या घरात वाजते: दारे, भांडी, माणसे, ग्रामोफोन आणि काकासाहेबांचे ते लंबकाचे घड्याळ. पाच पॉइंट एकमधले चार स्पीकर अशा वेळी गप्प असतात. सगळा चित्रपट मधल्या एकाच पेटीतून येतो. नव्वदीकडे निघालेली ती ध्वनिपट्टी खरखरते, पण शांता आपट्यांचा शब्द सुटा येतो, आणि त्या काळच्या नटांना व्यंजने टाकून बोलायची सवय नव्हती.

बाबा अजूनही अधूनमधून विचारतात, “काय म्हणाली ती?” पूर्वी दर मिनिटाला विचारत, आता दोन-तीन प्रसंगांत एकदा. नीरा बोलत असते तेव्हा मात्र आमच्याकडे वळत नाहीत. घड्याळाच्या प्रसंगात मान हलवतात. ते त्यांना ऐकू येते की आठवते, हे आम्ही विचारलेले नाही.