गुडघ्यापाशी बसलेले गवई

गाडी घेताना मी मधलं मॉडेल घेतलं. वरच्या मॉडेलला बरेच पैसे जास्त, आणि मिळणार काय, तर अलॉय व्हील, मागचा वायपर आणि दोन ट्विटर. शोरूममधल्या मुलाने यादी वाचून दाखवली तेव्हा ट्विटर या शब्दाकडे मी लक्षही दिलं नाही. आरशाच्या आतल्या बाजूला जो प्लॅस्टिकचा त्रिकोण असतो, त्यावर माझ्याही गाडीत बारीक भोकांची जाळी होती. तीन वर्षं मी समजत होतो, की तिथूनही आवाज येतो.

आई साताऱ्याला असते. त्यामुळे एकाआड एक शनिवारी पुणे-सातारा, जाऊन-येऊन पाचेक तास गाणं. असाच एकदा खंबाटकी घाट चढत होतो, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे उसाचा ट्रक. भीमसेन जोशींचा अभंग चालू होता आणि एकदम जाणवलं, की पंडितजी माझ्या चपलेजवळ बसून गातायत. डग्गा छान घुमतोय, पण तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ बोथट. टाळ तर कुणी शेजारच्या खोलीत वाटीत चमचा ठेवावा तसे. एकदा हे कानाला लागलं की सुटत नाही. पुढे सुरूर, पाचवड, लिंब, सगळा रस्ता मी गाणं सोडून गुडघ्याकडे ऐकत होतो.

कारण साधं होतं. पुढच्या दोन्ही दारांत खाली कोपऱ्यात साडेसहा इंची एकेक स्पीकर, बस. खर्जाचं त्याने चालून जातं, खर्ज सगळ्या गाडीत पसरतो, कुठून येतोय हे कानाला नीटसं सांगता येत नाही. वरचे बारीक सूर मात्र टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. माझ्या गाडीतले टाळ सरळ पोटरीवर आदळत होते.

नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहून पंचवीस हजारांचा हिशेब मांडला. नवा स्टिरिओ, अँप्लिफायर आणि डिकीत खर्जाचा एक डबा. “काका, आरसा हलला पाहिजे आरसा,” असं तो म्हणाला. मला आरसा स्थिर हवा होता. अठराशे रुपयांची ट्विटरची, म्हणजे फक्त बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, जोडी घेऊन बाहेर पडलो. रुपयाच्या नाण्याएवढी कापडी घुमटी आणि तिच्या वायरीत मध्येच बसवलेला एक कंडेन्सर, घरच्या पंख्यात असतो त्याचाच धाकटा चुलतभाऊ. कंपनीची वायर कापायची नव्हती, म्हणून स्पीकर आणि त्याच्या वायरीच्या मध्ये बसणारे दोन जोड-कपलरही घेतले.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दार उघडलं. हँडलच्या खोबणीत टोपणाखाली एक स्क्रू, आर्मरेस्टखाली दुसरा, आणि मग दारपॅड कडेने ओढायचं. प्रत्येक क्लिप सुटताना ‘टक्’ होतं आणि पोटात गोळा येतो. सात क्लिपा सुखरूप सुटल्या, दोन दाराच्या पत्र्यातून निघण्याऐवजी जागीच मोडल्या. आत प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदाने डकवलेला असतो. पावसाचं पाणी दाराच्या आतच उतरावं म्हणून तो असतो, त्यामुळे फाडून चालत नाही. तो गोंद हाताला लागला की बुधवारपर्यंत सोबत राहतो. तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका येऊन विचारून गेले, “चोरीला काय गेलं?”

त्रिकोणाचं प्लॅस्टिक काढलं, तर जाळीमागे फक्त पोकळी. जाळी सगळ्या गाड्यांना सारखीच, वायर मात्र पैसे मोजणाऱ्यांनाच. बाकी काम सोपं निघालं, कारण त्रिकोण दारावरच असतो, गाडीच्या खांबात हात घालावा लागत नाही. खांबात काही घुसवायचं असेल तर आधी तिथे एअरबॅग आहे का ते पाहावं, एवढं मी कुणालाही सांगेन.

दुपारी दीडला गाणं लावलं. पंडितजी उठून काचेपाशी आले होते. खरंच सांगतो, मी स्टिअरिंग धरून एकटाच हसलो. टाळ कपाळासमोर वाजत होते.

हे सुख पुढच्या शनिवारी खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत टिकलं. “हे बंद कर, माझं डोकं दुखायला लागलं,” बायको म्हणाली. तिचं बरोबर होतं. प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ ब्लेडसारखा येत होता. साताऱ्यात आईच्या दारात गाडी लावून सेटिंग पाहिलं, तर ट्रेबल पाचवर. तीन वर्षं ट्विटर नव्हते म्हणून मीच कधीतरी चढवून ठेवलेला, आणि विसरलेला. तो शून्यावर आणला, निम्मं दुखणं गेलं.

उरलेल्या निम्म्यात दोन भानगडी होत्या. एक कळली ती आकाशवाणीच्या बातम्यांमुळे. बातम्या वाचणारी बाई दोन्ही दारांच्या बरोबर मधून बोलायला हवी. आमची बाई शब्दाच्या सुरुवातीला मध्ये, आणि ‘स’ आला की दोन्हीकडे विस्कटत होती. डाव्या ट्विटरची प्लस-मायनस मी उलटी जोडली होती. उजवी घुमटी पुढे येते तेव्हा डावी मागे जाते, मग आवाजाला मधली जागा सापडत नाही. पुन्हा दारपॅड, पुन्हा गोंद.

दुसरी भानगड कंडेन्सरची. हा छोटा भाग खर्ज अडवतो आणि बारीक सूर तेवढे पुढे सोडतो, नाहीतर त्या नाजूक घुमटीची तार जळून जाईल. कुठून पुढे सोडायचं त्याचा हिशेब सोपा आहे: १,५९,००० ला ओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागायचं. चार ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला तर उत्तर साधारण साडेआठ हजार हर्ट्झ येतं. तिथून खाली आवाज एकदम तुटत नाही, उताराने कमी होत जातो. ‘स’ची धार कमी व्हावी म्हणून मला तो उतार आणखी वर सरकवायचा होता. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने “३.३, नॉनपोलर” एवढं ऐकून मागे न बघता डबा काढला. दोन नग, चहाच्या किमतीत. नवा हिशेब बारा हजार. शिवाय उजवा ट्विटर माझ्या कानापासून हातभर अंतरावर होता, त्याचं तोंड माझ्याकडून काचेकडे वळवलं. आता ‘स’ नुसता ‘स’ राहिला.

हे सगळं मी जेवताना जरा ऐटीत सांगत होतो. मुलीने मोबाइलवर एकच सूर हळूहळू चढवत नेणारं ॲप लावलं. “ऐकू येणं बंद झालं की हात वर करा.” माझा हात अकरा हजारांना वर गेला. बायकोचा तेरा हजारांना. मुलगी सोळा हजारांनाही कानावर हात ठेवून “ई” करत बसली होती. मग तिने बारा हजार हा आकडा मला पुन्हा एकदा म्हणायला लावला. “म्हणजे बाबा, ट्विटर जिथे नीट वाजायला लागतो, तिथे तुम्ही संपता.” मी उतार वगैरे समजावून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

आणि ट्विटर जे दाखवतो ते सगळंच दाखवतो. माझ्या पेनड्राइव्हवरची बरीचशी गाणी जुन्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री आहेत. त्यातले टाळ आता ऐकू येतात, पण पाण्याच्या बादलीत बुडवून वाजवल्यासारखे. दाबून लहान केलेल्या फाइलीत वरच्या सुरांची चटणी झालेली असते. इतकी वर्षं ती खालच्या स्पीकरने झाकली होती. काही तर माझ्याच कॅसेटींवरून, फितीच्या सरसरीसकट उतरवलेल्या. गेल्या शनिवारी शिरवळच्या पुढे त्यातली एक लागली. बायको काचेतून बाहेर बघत म्हणाली, “पाऊस आला का रे?”

बाहेर लख्ख ऊन होतं.

“मग हे काय वाजतंय?”

मला तर गाण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी आवाज शून्यावर आणला. तिचा पाऊस थांबला, आणि त्या शांततेत डाव्या दारातून टकटक, टकटक ऐकू यायला लागली. त्या दोन क्लिपा आणायच्या राहूनच गेल्यात.