गॅलॉडेटच्या अंगणात

वॉशिंग्टन डी. सी. बघायला पाहुणे आले की आम्हा उभयतांचा कार्यक्रम ठरलेला असतो: लिंकन मेमोरियल, स्मिथसोनियन आणि रात्री दमून वरण-भात. गेल्या वसंतात आलेली भाची मात्र म्हणाली, "लिंकन राहू दे, मला गॅलॉडेट दाखवा." कारण तिच्या कडेवरच होतं. तिची दहा महिन्यांची लेक जन्मतः कर्णबधिर आहे.

युनियन स्टेशनहून रेड लाइनवर पुढचंच स्टेशन नोमा–गॅलॉडेट. तिथून पायी फ्लॉरिडा अ‍ॅव्हेन्यू. कर्णबधिरांच्या या कॉलेजला पदव्या द्यायचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर १८६४ साली लिंकननीच सही केली. म्हणजे लिंकन काही चुकले नाहीत!

चॅपल हॉलसमोर डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी १८८९ साली केलेला पुतळा आहे. खुर्चीत थॉमस गॅलॉडेट आणि त्यांना बिलगून छोटी अ‍ॅलिस कॉग्सवेल, हाताच्या मुठीनं 'ए' हे अक्षर दाखवणारी. हार्टफर्डच्या या शेजारच्या मुलीसाठी गॅलॉडेट युरोपात गेले, फ्रान्सहून लोराँ क्लेर या कर्णबधिर शिक्षकाला घेऊन आले, आणि १८१७ साली शाळा निघाली. कनेटिकट राज्यानं तिला ५,००० डॉलर दिले होते. सरकारी मदतीची परंपरा इतकी जुनी आहे. भाची पुतळ्यापाशी बराच वेळ उभी राहिली. आम्ही उगीच फोटो काढत बसलो.

आवारात शुकशुकाट असेल असं वाटलं होतं. छे! रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला हातांनी गप्पा, थट्टा, भांडणं, अगदी फर्ग्युसनच्या कट्ट्यासारखी. तरी याच संस्थेला पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळायला १९८८ साल उजाडलं, तेही विद्यार्थ्यांनी आठवडाभर कॉलेज बंद पाडल्यावर. आवारातच लहान मुलांची केंडॉल शाळा आहे. केंद्र सरकारच्या पैशावर चालते, फी नाही.

पण खरी घाई शाळेच्या आधीची. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आई-वडील ऐकू येणारे असतात. बाळाशी बोलायचं कसं, इथपासून त्यांची सुरुवात. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत, असं उद्दिष्ट इथं ठरलेलं आहे. १९८६ च्या कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या बाळासाठी शिक्षिका घरी येते. मूल्यमापन फुकट असतं, पुढच्या सेवांना काही राज्यांत उत्पन्नाप्रमाणे पैसे पडतात. काही ठिकाणी एखादी कर्णबधिर व्यक्तीच घरी येऊन सगळ्या कुटुंबाला खुणांची भाषा शिकवते. ही कल्पना आम्हाला फार आवडली. कानात यंत्र बसवलं तरी खुणा शिकायला काही आडकाठी नाही.

आता आपल्या घरातला प्रश्न. भाचीला कुणा तज्ज्ञानं सांगितलं, "मराठी बंद करा, इंग्रजीच बोला." तिच्या सासूबाईंना इंग्रजी जेमतेम. म्हणजे नातीशी बोलायचंच नाही की काय? कायदा असं म्हणत नाही. उलट, आई-वडिलांना माहिती त्यांच्या भाषेत मिळाली पाहिजे आणि शक्य तिथं दुभाषाही, असं तो सांगतो. आमच्या मते तोडक्या इंग्रजीपेक्षा आजीची भरघोस मराठी केव्हाही बरी, जोडीला हात आहेतच. आजींना 'दूध' आणि 'आणखी' या खुणा येतात. 'पुरे' अजून शिकायची आहे, आणि त्या शिकतील असं वाटत नाही.

ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांनी एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तिसऱ्या वाढदिवसाच्या निदान नव्वद दिवस आधी शाळेकडे सूत्रं सोपवण्याची बैठक व्हायला हवी. शाळेची योजना ठरताना मुलाची भाषा कोणती आणि त्याच भाषेत बोलणारे सवंगडी मिळतील का, याचा विचार करणं १९९७ पासून बंधनकारक आहे. बैठकीला आजींनाही न्यावं.