नवी प्रणाली, जुनी गाणी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने थांबली. आमच्या शहापूरच्या घरातला संगणक जुना. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था त्यात नाही. चालते यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट बसवावी, असे आम्ही ठरवले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एकाची नोकरी शहापुरात, दुसरीची मुरबाडला. संगणकशास्त्राशी आमचा संबंध गुण भरण्यापुरता आणि टिपणे टंकित करण्यापुरता. तरीही हा खटाटोप साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगावासा वाटतो, कारण त्यात यंत्रापेक्षा भाषेचाच भाग अधिक निघाला.

प्रणाली बसवणे फारसे अवघड नव्हते. तिची प्रत उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायची, संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा आणि हार्ड डिस्कला हात न लावता आधी ती चालवून पाहायची. आवाज येतो का, वायफाय लागते का, पडदा नीट दिसतो का, हे या रंगीत तालमीतच कळते. मग सगळ्या फाइलींची प्रत दोन ठिकाणी काढून डिस्क पुसायची. राहता राहिले ड्रायव्हर. आमच्या भागात ड्रायव्हर म्हटले की मुरबाडची यष्टी आठवते; पण संगणकातला ड्रायव्हर काही हाकत नाही, तो दुभाष्या असतो. छपाईयंत्राची बोली प्रणालीला आणि प्रणालीची बोली छपाईयंत्राला तो समजावतो. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषे गाभ्यातच घरजावयासारखे राहतात, त्यामुळे आवाज, जाळे, पडदा हे सारे आपोआप जागेवर आले. आमच्या छपाईयंत्राचा तेवढा बाहेरून शोधून आणावा लागला आणि त्यात एक संध्याकाळ गेली. असो.

खरा प्रश्न पुढे आला. २००४ ते २००६ या काळात, नोकरीच्या पहिल्या वर्षांत, आम्ही मुरबाड तालुक्यातल्या, माळशेज घाटाच्या पायथ्याकडच्या एका ठाकरवाडीत गाणी ध्वनिमुद्रित केली होती. लग्नातली, भातलावणीची, जात्यावरची. भारनियमनाच्या वेळा सांभाळत ती सगळी त्या वेळच्या एका प्रचलित मराठी फॉन्टमध्ये टंकित केली. कॅसेटींना पुढे इकडच्या पावसाळ्यांनी बुरशी लावली. उरली ती टंकित पाने. नव्या प्रणालीवर ती फाइल उघडली, तर पडद्यावर मराठीचा एक कानाही नव्हता. रोमन अक्षरे, कंस, टक्केचिन्हे यांची निरर्थक रांग होती. जुन्या डिस्कवरून त्या फॉन्टची फाइल आणून बसवली, आणि क्षणात गाणी पुन्हा मराठी झाली. फॉन्ट काढला की रोमन, घातला की मराठी. म्हणजे इतकी वर्षे ज्याला आम्ही मराठी मजकूर समजत होतो, ते मराठी सोंग होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या पिढीतल्या फॉन्टांना रोमन लिपीसाठी आखलेली जेमतेम अडीचशे घरे मिळत. त्या घरांत देवनागरीचे तुकडे भरलेले असत: कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे वेलांटी. संगणकाच्या लेखी ते रोमन वर्णच. मराठी होती ती फक्त त्यांच्या अंगावरच्या कपड्यांत. शिवाय प्रत्येक विक्रेत्याची घरांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे वाचता येत नसे. युनिकोडने प्रत्येक वर्णालाच स्वतःचा क्रमांक दिला. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होतीच. पण ती घरोघरच्या संगणकांवर सहज वापरात यायला बराच काळ गेला.

आम्हांला सर्वांत विचार करायला लावला तो आणखी एका फरकाने. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी साठवली जाई आणि क नंतर, कारण डोळ्यांना तसे दिसते. युनिकोडमध्ये आधी क आणि मग इकार, कारण तोंड तसे बोलते. ‘कर्म’मधला रफार जुन्या फाइलीत म नंतर येतो, नव्यात म च्या आधी. पडद्यावरची आकृती एकच. पण एक साठवण लेखनिकाची आहे आणि दुसरी बोलणाऱ्याची. मौखिक परंपरेतली गाणी वीस वर्षे आम्ही डोळ्यांच्या क्रमाने जपत होतो, हे कळल्यावर जरा गंमत वाटली आणि जरा हुरहूरही.

मग फाइलीचे युनिकोडमध्ये रूपांतर केले. त्यासाठीच्या आज्ञावल्या मिळतात. त्या घरे ओळखतात, वेलांट्या-रफार हलवतात आणि शेकडो पाने काही क्षणांत पालटतात. मात्र मराठीचा स्वतःचा असा जो चंद्रकोरीसारखा र आहे, तिथे आमची आज्ञावली अडखळली. तिने सर्वत्र रफार दिला. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतला भेद आपण वर्गात हसत हसत शिकवतो. इथे त्याने सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ घेतल्या आणि त्यांचा ‘दर्या’ केला. घाटाच्या पायथ्याशी दळणाऱ्या बाईच्या गाण्यात समुद्र आला. उद्याचा एखादा अभ्यासक त्यावरून सागरी स्थलांतराचा सिद्धान्तही मांडू शकला असता.

प्रमाण मराठीतले शब्द आम्ही दुरुस्त केले. बोलीतल्या शब्दांना शुद्धलेखन-तपासनीस उपयोगाचा नव्हता. त्याच्या दृष्टीने ते सगळेच चूक. शंका असलेल्या ओळी मोठ्या अक्षरांत छापून आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलो. तेव्हाच्या गाणाऱ्यांपैकी एकच आजी आता गाते. एखादा शब्द विचारला की त्या म्हणत, “असा मधनंच न्हाय सांगता येत, बाई.” मग पहिल्या ओळीपासून गात गात त्या शब्दापर्यंत येत, आणि तो आला की नात आम्हांला खूण करी. बहुतेक शंका अशा फिटल्या. दोन शब्द आजींच्याही गाण्यात नव्हते. ते जसे होते तसे ठेवून पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे.

मोडीची आठवण येणे साहजिक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जाणारी ही लिपी आज मोजके लोक वाचतात. तरी न वाचता आलेला मोडी कागदही मराठीच असतो. अक्षर कागदावर उमटलेले असते आणि वाचणारा शिकून तयार करता येतो. २०१४ साली मोडीही युनिकोडमध्ये आली. आमच्या पिढीच्या फाइलींची स्थिती अधिक नाजूक आहे. तिथे अक्षर उमटलेलेच नाही, फॉन्ट हाच त्याचा एकमेव साक्षीदार, आणि फॉन्ट हरवला तर त्या रोमन रांगेचा अर्थ लावणे कोड्यासारखे होते.

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत प्रबंधांबरोबर सादर झालेल्या कितीतरी सीडी कपाटांत पडून आहेत. त्यांतले लोकगीतांचे, बोलींचे, म्हणींचे संकलन याच जातीच्या फाइलींत असण्याचा संभव मोठा. एम.ए. आणि पीएच.डी. करणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की आपल्या मार्गदर्शकांच्या जुन्या फाइली आताच उघडून पाहाव्यात, ज्या फॉन्टमध्ये त्या आहेत त्याची प्रत शेजारी ठेवावी आणि युनिकोडमधली साधी मजकूर-फाइल करून ती मूळ छापील पानाशी ताडावी. रूपांतर यंत्र करील. पण ‘दर्या’ वाचून थबकणारे कोणीतरी लागेल, आणि त्या थबकणाऱ्याला विचारता येईल असे गाणारेही कोणी असायला हवे. पहिल्याची सोय अभ्यासक्रमातून होऊ शकते. दुसऱ्यासाठी फार वर्षे हातात नाहीत.